झाकण्याआधी दाखवा

गॅरेजच्या छताला सहा दिवे वाढवायचे, एवढंच काम. पण एडिसन गावातल्या एका मराठी घरात ते जसं झालं, त्यातून आपल्या घराच्या भिंतींविषयीही बरंच काही कळतं.

न्यू जर्सी राज्यातल्या एडिसन गावात क्रिस्टी स्ट्रीट नावाचा एक आखूड रस्ता आहे. या भागाला मेन्लो पार्क म्हणतात. थॉमस एडिसनची प्रयोगशाळा इथेच होती. १८७९ सालच्या ३१ डिसेंबरला, सरत्या वर्षाच्या रात्री, त्याने लोकांना बोलावून इथे विजेचे दिवे दाखवले. गर्दी इतकी होणार होती, की रेल्वेने खास गाड्या सोडल्या. आज तिथे प्रयोगशाळा नाही. हेन्री फोर्डने ती १९२९ साली मिशिगनमधल्या डिअरबॉर्नला आपल्या संग्रहालयात नव्याने उभी केली. क्रिस्टी स्ट्रीटवर उरलाय तो १९३८ साली बांधलेला सुमारे १३० फुटी स्मारक-मनोरा, आणि त्याच्या डोक्यावर माणसाच्या दुप्पट उंचीचा काचेचा बल्ब. गावाचं नाव तेव्हा रॅरिटन होतं. १९५४ साली ते बदलून एडिसन झालं.

तिथून मोटारीने थोड्या अंतरावर ओक ट्री रोड लागतो. वाणसामानाची दुकानं, साड्या, मिठाई, पाणीपुरी असं सगळं या रस्त्यावर मिळतं. अवतीभवतीच्या वस्तीत भारतीय घरं दाट आहेत आणि त्यांत मराठी घरंही भरपूर. यांतली बरीचशी घरं दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन-तीन दशकांतली, लाकडी सांगाड्याची. खाली गॅरेज, वर झोपायच्या खोल्या. आणि ज्या गावात एडिसनने आपला दिवा पहिल्यांदा चारचौघांना दाखवला, त्या गावातल्या गॅरेजात शिरलं की छताच्या मधोमध बहुतेक वेळा एकच दिवा भेटतो. चिनी मातीचा साधा होल्डर, त्यात आट्याचा बल्ब. त्या आट्यांच्या मापाचं नावच ई-२६. त्यातला ‘ई’ एडिसनचा, आणि २६ हा मिलिमीटरमधला व्यास. आपल्याकडे ब्रिटिशांमागून पिनांचा होल्डर आला, अमेरिका आट्यांवरच राहिली.

एकच दिवा असण्याचं कारण सरळ आहे. घराला गॅरेज जोडलेलं असेल, तर भिंतीवरच्या बटणाने लागणारा निदान एक दिवा हवा, असं अमेरिकेची वीजजोडणीची नियमावली सांगते. ‘निदान एक’ म्हटलं की बांधणारा एकच लावतो. मोटार आत घ्यायची, दार पाडायचं आणि घरात जायचं, एवढ्यापुरता तो पुरतो.

मोटार बाहेर, संसार आत

अडचण अशी, की मराठी घरातल्या गॅरेजात मोटार क्वचितच असते. मी पाहिलेल्या एका गॅरेजात दुसरा फ्रिज आणि उभा फ्रीझर होता. तांदळाची पोती, मुलांच्या जुन्या सायकली, मंडळाच्या गणपतीचं थर्माकोलचं मखर आणि प्लॅस्टिकच्या चादरीत गुंडाळलेले दोन ढोल होते. भिंतीलगत घडीचं लांब टेबल आणि त्यावर इंडक्शनची शेगडी होती. मोटारी दोन्ही बाहेर, पावसात.

शेगडी गॅरेजात का, हे तिथल्या कुठल्याही भारतीय घराला समजावून सांगावं लागत नाही. ही घरं थंडीसाठी बंदिस्त बांधलेली असतात. तळणाचा वास एकदा आत शिरला की गालिच्यांत आणि कोटांत आठवडाभर मुरतो. म्हणून चकल्या, शंकरपाळी, अनारसे, सगळं गॅरेजात. शहाणी माणसं तिथे गॅस पेटवत नाहीत, कारण बंद गॅरेजात कार्बन मोनॉक्साइड साचून माणूस दगावू शकतो. म्हणून मग विजेची शेगडी.

या घरातल्या ताई मूळच्या साताऱ्याच्या. तंत्रनिकेतनात त्यांनी विजेची पदविका केली, लग्नानंतर अमेरिकेला आल्या, आणि गेली अनेक वर्षं एका विमा कंपनीत हिशेबाचं काम करतात. त्यांचे यजमान आयटीत. ताई सांगत होत्या, “पदविकेला मी स्टार-डेल्टा स्टार्टर जोडून दाखवलाय. पण माहेरी फ्यूज उडाला तरी वायरमनदादांना निरोप जायचा. मी वायरला हात लावला असता तर आईने आकांत केला असता.”

मागच्या दिवाळीत त्यांच्या गॅरेजात जे घडलं, ते या भागातल्या जुन्या घरांना नवीन नाही. कढई चढली होती, चकल्या सुटल्या होत्या, शेजारी फ्रीझर होता. थोड्या वेळाने फ्रीझरचा कॉम्प्रेसर सुरू झाला, मुख्य पेटीतला ब्रेकर पडला आणि शेगडीबरोबर छताचा दिवाही गेला. समोर कढत तेल, खाली सिमेंटची फरशी, आणि काळोख. सुनेने मोबाइलचा उजेड धरला, म्हणून कुणाला भाजलं नाही.

असं का झालं, ते ताईंनी मला टेबलावर बोटाने आकडे लिहून दाखवलं. अमेरिकेत घरगुती प्लगला १२० व्होल्ट येतात. शेगडी १८०० वॉटची. भागाकार केला की १५ अँपिअर. तीच शेगडी आपल्या २३० व्होल्टवर जेमतेम ८ अँपिअर ओढेल. व्होल्ट निम्मे की करंट दुप्पट, हा तिथल्या घरगुती विजेचा मूळ पेच. त्या गॅरेजचा अख्खा फेराच, म्हणजे सर्किटच, १५ अँपिअरचा होता आणि दिवा, प्लग, दार उघडायची मोटर अशा सगळ्या गोष्टी त्याच्यावरच होत्या. शेगडीने एकटीने तो काठोकाठ भरला. फ्रीझरने त्यावर थोडी भर घातली, आणि ब्रेकरने आपलं काम केलं.

“म्हणजे दिवे वाढवायचे ही गोष्ट दुय्यम होती,” ताई म्हणाल्या. “दिव्यांची वाट वेगळी काढायची, हे खरं काम.”

उजेडाचं गणित

काम लगेच सुरू झालं नाही. वसंतात वरच्या न्हाणीघराचा नळ गळला आणि गॅरेजच्या छताचे जिप्समचे फळे भिजून फुगले. ते काढावेच लागले. छताची लाकडी वाशांची ओळ उघडी पडली. ताईंना हवा होता तो मुहूर्त तोच. फळे पुन्हा लागायच्या आत तारा टाकून घ्यायच्या.

यजमानांची सूचना वेगळी होती. बाजारात चार फुटी एलईडी पट्ट्या मिळतात. साखळीने टांगायच्या, एकीची पिन दुसरीत खोचायची, शेवटची एक्स्टेन्शनला लावायची. तासाभराचं काम. पण अमेरिकेची नियमावली लवचीक वायरला कायमच्या वायरिंगची जागा घेऊ देत नाही, आणि भिंतीतून किंवा छतामागून न्यायलाही मनाई करते. शिवाय गॅरेजातल्या प्लगांना गळतीचा करंट ओळखून वीज तोडणारी कळ सक्तीची आहे. दिवा प्लगवर असेल, तर ती कळ पडली की उजेडही जातो. ज्या त्रासातून सुटायचं, तोच पुन्हा पदरात. सूचना तिथेच बारगळली.

मग किती उजेड हवा याचा हिशेब झाला. गॅरेज २० बाय २० फुटांचं, म्हणजे ४०० चौरस फूट. जुना ६० वॉटचा बल्ब साधारण ८०० ल्युमेन देतो. सगळा उजेड जमिनीवर पोचला असं धरलं तरी चौरस फुटाला दोन ल्युमेन. एवढ्यात किल्ली सापडेल, पण सुरीने काही कापायचं धाडस होणार नाही. हाताने बारीक काम करायचं तर चौरस फुटाला ५०च्या आसपास ल्युमेन असावेत. चार फुटी एलईडी पट्टी ४० वॉटमध्ये ४००० ल्युमेन सहज देते. अशा सहा लावल्या की २४,०००, म्हणजे चौरस फुटाला ६०. छतावर, भिंतींवर थोडा उजेड वाया गेला तरी चालतं.

सहा पट्ट्यांचे मिळून २४० वॉट. १२० व्होल्टवर दोन अँपिअर. म्हणजे पूर्वीपेक्षा तीसपट उजेड, आणि शेगडीच्या सातव्या हिश्शाहून थोडी कमी वीज. हे गणित पंधरा वर्षांपूर्वी असं जुळलं नसतं. तेव्हा गॅरेजात फ्लुरोसंट नळ्या असत, आणि न्यू जर्सीच्या हिवाळ्यात त्या रडत. साध्या चोकच्या नळीला साधारण १० अंश सेल्सिअसच्या खाली पेटायला कष्ट पडतात. ती फडफडते, गुणगुणते, अर्धीच उजळते. एलईडीला थंडी मानवते. दरम्यान कायद्यानेही बाजू बदलली. वॉटमागे किमान ४५ ल्युमेन देणारेच सर्वसाधारण घरगुती बल्ब विकता येतील, हा अमेरिकी सरकारचा नियम १ ऑगस्ट २०२३ पासून पूर्ण लागू झाला. तापलेल्या तारेचा दिवा त्याच्या पासंगालाही पुरत नाही. एडिसनचा घरगुती दिवा एडिसन गावातल्या दुकानातूनही उठला, तो असा.

पण ल्युमेन मोजून भागत नाही. गॅरेजचं दार वर सरकून छताला समांतर आडवं होतं. दार उघडं असलं की छताच्या मधले दिवे त्याच्या पोटाखाली झाकले जातात. आणि तळणाच्या वेळी धूर जावा म्हणून दार उघडंच हवं. म्हणून ताईंनी चार पट्ट्या दाराच्या रुळांबाहेर, दोन्ही भिंतींच्या बाजूंना, आणि दोन मागच्या भागात टेबलाच्या पुढच्या कडेवर घेतल्या. कडेवर अशासाठी, की दिवा पाठीमागे असला तर आपलीच सावली कढईत पडते.

रंगाचाही विचार झाला. स्वस्त एलईडीत तांबडा रंग मरतो. चकली तांबूस झाली की करपली, हे त्या उजेडात उमगत नाही. रंग खरे दाखवण्याचा जो निर्देशांक पट्टीच्या खोक्यावर छापलेला असतो, तो ९०च्या वर पाहून त्यांनी पट्ट्या घेतल्या. दुकानात हा आकडा विचारणारं गिऱ्हाईक तळणासाठी विचारतंय, हे विक्रेत्याला काही सांगितलं नाही.

एक खोच मात्र कुणाच्या लक्षात आली नव्हती. दार उघडणाऱ्या मोटरच्या घरट्यातही एक बल्ब असतो. तिथे यजमानांनी हौसेने स्वस्तातला एलईडी लावला आणि रिमोट मोटारीतून चालेनासा झाला. अशा काही दिव्यांच्या आतल्या सर्किटमधून रेडिओलहरींचा गोंगाट निघतो आणि रिमोटचा संदेश त्यात बुडतो. बल्ब काढला, दार उघडलं.

काळी, पांढरी, उघडी

वर झोपायच्या खोल्या असल्या, तर गॅरेजचं छत म्हणजे आगीला अडवणारी ढाल. तिथे पाच-अष्टमांश इंची, आगीला जास्त वेळ दाद न देणारे जिप्समचे फळे लावावे लागतात. दिवाणखान्यात शोभतात तसे छतात खोचायचे गोल दिवे इथे लावले, तर ढालीला सहा भोकं पडतात. म्हणून दिवे छताला बाहेरून चिकटवायचे आणि आत फक्त लोखंडी डबी, तिच्या भोवतीची फट बुजवून.

तारांची पद्धत आपल्यापेक्षा निराळी. आपल्याकडे आधी पाइप, मग त्यातून सुट्या तारा ओढायच्या. तिथल्या लाकडी घरात प्लॅस्टिकच्या एका चपट्या वेष्टनात तिन्ही तारा एकत्र येतात: काळी फेज, पांढरी न्यूट्रल आणि अर्थिंगची उघडी तांब्याची. वेष्टनाच्या रंगावरून जाडी ओळखायची. पांढरं म्हणजे १५ अँपिअरच्या फेऱ्याची १४ नंबरची, पिवळं म्हणजे २० अँपिअरची १२ नंबरची. ताईंनी दिव्यांसाठी पांढरी केबल १५च्या ब्रेकरवर घेतली, प्लगांसाठी पिवळी २०च्या ब्रेकरवर. नव्या घरांत गॅरेजच्या प्लगांचा फेरा दिव्यांपासून अलग ठेवायचा नियमच आहे. जुन्या घराला तो मागे जाऊन लागू होत नाही. त्यांनी तो आपण होऊन लावून घेतला.

केबल वाशांना भोक पाडून न्यायची. भोक वाशाच्या उंचीच्या एक-तृतीयांशाहून मोठं नको, आणि वरच्या-खालच्या कडेपासून दोन इंचांच्या आत नको, नाहीतर वासा कमजोर होतो. डबीपासून फूटभरात एक खिळपट्टी, पुढे दर साडेचार फुटांना एक. डबीत तारेचं किमान सहा इंच टोक मोकळं हवं, म्हणजे उद्या दुसऱ्या माणसाला जोड सोडवता येईल. डबीसुद्धा किती कोंबायची याला माप आहे: १४ नंबरच्या प्रत्येक तारेला दोन घनइंच जागा. गच्च भरलेल्या डबीत तारा मोडतात, जोड तापतो, आणि आगीची सुरुवात बहुतेकदा जोडापासूनच होते.

जोडाला चिकटपट्टी नाही. तारांची सोललेली टोकं एकत्र धरून वर आत आटे असलेली टोपी पिळून बसवायची. ती गच्च बसली का, हे प्रत्येक तार एकेक ओढून पाहायचं. ताईंनी माझ्यासमोर एक जोड केला. डाव्या हाताच्या चिमटीत तीन टोकं, उजव्या हाताने टोपी, मनगट वळतं तोवर पीळ. मग पांढरी ओढली, ती सुटून हातात आली. काही न बोलता त्यांनी तिन्ही टोकं कापून नव्याने सोलली.

दोन दारांपाशी दोन बटणं होती, कुठूनही लावा-विझवा. आपली जिन्याची वायरिंग. पदविकेला हिची आकृती सगळ्यांनी काढलेली असते. फरक एवढाच, की तिथल्या नियमाने बटणाच्या डबीतही न्यूट्रल पोचवावी लागते, म्हणजे पुढे कुणी आपोआप लागणारं बटण बसवलं तर ते अर्थिंगमधून आपली वीज चोरणार नाही. आणि बटण वर केलं की दिवा लागतो, आपल्याकडे खाली. इतकी वर्षं राहूनही साताऱ्याहून परतल्यावर दोन दिवस हात चुकतो, असं ताई म्हणाल्या.

मुख्य पेटीत नवे ब्रेकर बसवायच्या दिवशी शेजारचे आजोबा येऊन उभे राहिले. ते निवृत्त इलेक्ट्रिशियन. परवाना घरमालकाच्या नावावर, म्हणून हात त्यांनी लावायचा नाही. त्यांनी एकच गोष्ट बजावून सांगितली. मुख्य ब्रेकर पाडला तरी मीटरकडून येणाऱ्या दोन जाड तारा जिवंतच राहतात, त्यांच्याकडे पान्हा जाता कामा नये. आणि एक हात खिशात ठेव. दोन्ही हात लावले की करंट एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताने निघतो. जुन्या कारागिरांची ही सवय. ताईंनी स्क्रू पिळेपर्यंत आजोबांचे स्वतःचे दोन्ही हात खिशात होते.

तपासनीस येतो

आता परवान्याविषयी. एडिसनमध्ये आहे तोच बल्ब किंवा दिवा बदलायचा असेल, तर कुणाला विचारावं लागत नाही. नवी तार टाकायची असेल, तर नगरपालिकेचा परवाना लागतो. आणि न्यू जर्सीचा कायदा एक मोकळीक देतो: स्वतः राहत असलेल्या एका कुटुंबाच्या घरात मालकाला विजेचं काम आपल्या हाताने करता येतं. पदवी विचारत नाहीत, पदविका विचारत नाहीत. हे काम मी स्वतः करणार, असं लिहून द्यायचं, काय करणार ते अर्जात मांडायचं आणि दोनदा तपासून घ्यायचं. एकदा तारा टाकून झाल्या पण फळे लागायचे आहेत तेव्हा, आणि एकदा सगळं पुरं झाल्यावर.

यातली पहिली तपासणी महत्त्वाची. तोवर काहीही झाकायचं नाही. झाकलंत तर उघडून दाखवा, असं तपासनीस म्हणू शकतो, आणि म्हणतो.

हा रिवाज काही उदारपणातून आला नाही. विजेचे दिवे घरोघर शिरू लागले तशी घरं जळू लागली, आणि नुकसानभरपाई आगीच्या विमा कंपन्यांना मोजावी लागू लागली. ज्याने त्याने आपापले नियम केले. १८९६ पर्यंत अमेरिकेत अशा पाच नियमावल्या चालू होत्या. त्यांतून एक करायला सगळे एकत्र बसले आणि १८९७ साली पहिली राष्ट्रीय नियमावली निघाली. १९११पासून तिची जबाबदारी अग्निसुरक्षेच्या एका राष्ट्रीय संघटनेकडे आहे, आणि दर तीन वर्षांनी नवी आवृत्ती येते. त्यातलं एक कलम कसं आलं ते पाहा. बर्कलीचे प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल माणसाला किती करंटने काय होतं, याचा अभ्यास करत होते. १९६१ साली त्यांनी गळती ओळखणारी कळ शोधली. ती ५ मिलिअँपिअरच्या आसपासच तुटते. आपल्याकडच्या अशाच कळीचा, म्हणजे घरगुती आरसीसीबीचा, आकडा ३०. गॅरेजची फरशी ओली असते, बर्फाचं पाणी मोटारीवरून ठिबकतं, माणूस सिमेंटवर उभा असतो, म्हणून १९७८ साली गॅरेजला ती सक्तीची झाली. नियमावलीतलं जवळपास प्रत्येक कलम असंच कुणाच्या तरी घरात आधी घडलेलं असतं.

ताईंच्या घरी तपासनीस आला, तो सकाळी. हातात विजेरी आणि फूटपट्टी, दुसरं काही नाही. डब्या पाहिल्या, टोकं मोजली, खिळपट्ट्यांमधलं अंतर डोळ्यांनीच मोजलं. मग बाजूच्या दाराजवळच्या उभ्या खांबापाशी थांबला. तिथे केबलचं भोक खांबाच्या कडेपासून इंचभरच आत होतं. सवा इंच हवं. नाहीतर वर लोखंडी पत्रा ठोका, म्हणाला, आणि नापास लिहून निघाला. सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटं.

पाव इंचासाठी नापास! यजमान चिडले. ताई चिडल्या नाहीत. त्यांनी फळ्याचा एक तुकडा आणि एक स्क्रू आणून मला हिशेब दाखवला. फळा पाच-अष्टमांश इंच जाड. तो बसवायचा स्क्रू एक आणि पाच-अष्टमांश इंच लांब. म्हणजे स्क्रूचं टोक लाकडात बरोबर एक इंच शिरतं. त्या खांबात इंचावर केबल होती. फळे लावणारा माणूस केबल कुठे आहे ते पाहू शकत नाही, त्याने एक स्क्रू तिथे मारला असता तर टोक वेष्टनाला टेकलं असतं. दिवा कदाचित लागलाही असता. अंतिम तपासणीत सगळे दिवे लख्ख दिसले असते. मग चार हिवाळ्यांनी, लाकूड फुगून आकसून, केव्हातरी तार उघडी पडली असती, फळ्याच्या आत, झोपायच्या खोलीच्या खाली.

दीड इंच रुंदीचा लोखंडी पत्रा, हातोड्याचे दोन घाव. दुसऱ्या वेळी मंजुरीचं स्टिकर लागलं आणि फळे चढले.

पाइपात जॉइंट

हे ऐकताना मी आपल्याकडची घरं आठवत होतो. आपली वायरिंगची पद्धत काही बाबतींत सरस आहे. पाइपातून तार ओढलेली असली, तर वीस वर्षांनी जुनी काढून नवी घालता येते. अमेरिकी केबल वाशाला ठोकलेली, ती बदलायची तर छत फोडा. कारागीरही कमी नाहीत. आयटीआयमधून वीजतंत्री आणि तारतंत्री असे दोन स्वतंत्र अभ्यासक्रम शिकून मुलं बाहेर पडतात. नियमही आहेत. काम परवानाधारक ठेकेदारानेच करावं, नव्या जोडणीसाठी त्याचा चाचणी अहवाल महावितरणला द्यावा, असं सगळं कागदावर आहे.

पण तो अहवाल येतो तेव्हा भिंती रंगवून झालेल्या असतात. स्लॅब भरण्याआधी सळयांवर पाइप बांधतात, त्या दिवशी साध्या घरात पाहायला कुणी येत नाही. भिंतीला झिऱ्या मारून पाइप बसवतात आणि संध्याकाळी गवंडी प्लास्टर ओढून मोकळा होतो. पुढे कुठेतरी वायर कमी पडते. डबी लांब असते, नवं बंडल उघडायचं जिवावर येतं, मग तुकडा पिळून, चिकटपट्टी गुंडाळून पाइपात ढकलला जातो. पाइपात जॉइंट नको, हे प्रत्येक वायरमनला ठाऊक असतं. तो तिथे आहे हे मात्र त्याच्याखेरीज कुणालाच ठाऊक नसतं. आपण काम माणूस पाहून देतो, माणूस बरा निघाला तर काम बरं. तिथे काम पाहतात, माणूस कोण ते विचारत नाहीत. म्हणून तिथे हिशेब सांभाळणारी बाई छतात तार टाकू शकते, आणि तिची पाव इंचाची चूक कुणाला तरी भोवण्याआधी उघडी पडते.

मोकळीक देणं आणि उघडून दाखवायला लावणं, या दोन गोष्टी एकत्र आल्या तरच उपयोगाच्या. नुसती मोकळीक दिली तर घरं जळतात. नुसता परवान्याचा शिक्का मागितला तर शिक्का विकला जातो. यासाठी अमेरिकेचा तपासनीस इथे आणायची गरज नाही. फार तर घरमालकाने एक दिवस प्लास्टर थांबवावं, शिडी लावून प्रत्येक डबी उघडी पाहावी, भिंतींचे मापासकट फोटो काढून ठेवावेत. उद्या भिंतीत खिळा मारताना पाइप कुठून गेलाय, हे त्या फोटोंतच कळेल.

ताईंनी हे करून पाहिलं. त्यांच्या भावाचा साताऱ्यात बंगला होतोय. खाली दोन मोटारींची पार्किंगची जागा, आणि तिच्या छताला नकाशात एकच दिवा. त्यांनी तिकडून चार मागितले, त्यांचा फेरा प्लगांपासून वेगळा मागितला, आणि ठेकेदाराला फोनवर सांगितलं, की झिऱ्या भरण्याआधी प्रत्येक भिंतीचा व्हिडिओ हवा. ठेकेदार आधी हसला. “ताई, आजवर असं कुणी मागितलं नाही.” मग थोडा गप्प झाला आणि म्हणाला, “दोन दिवस द्या.” त्या दोन दिवसांत त्याने कुठल्या भिंतीत काय केलं, ते ताईंनी विचारलं नाही. व्हिडिओ आला तेव्हा सगळ्या डब्यांतून अखंड तारा आल्या होत्या. आता तो दुसऱ्या गिऱ्हाइकांनाही असे व्हिडिओ पाठवतो, असं भाऊ सांगतो. त्याचे पैसे वेगळे लावतो, आणि लोक देतात.